निळीची आवणी

आबा, परवा बंगल्याच्या बाईंचा फोन आला. त्याच बाई, धरणाकाठच्या बंगल्यातल्या, ज्यांच्या बागेत तुम्ही एकोणीस वर्षं खुरपं चालवलंत. बंगला विकला म्हणाल्या, नवे मालक बाग काढून तिथं पोहायचा तलाव करणार आहेत, तर तुझ्या वडलांच्या हातच्या त्या निळ्या फुलांच्या कुंड्या येऊन घेऊन जा. फोन ठेवला आणि मी हातातलं काम टाकून बसून राहिले. का ते तुम्हाला माहीत होतं, मला माहीत आहे, आणि त्या दिवशी तिथं उभ्या असलेल्या चार बायकांना माहीत आहे. बाईंची निळी झाडं कुजवली ती मी. नाव तुमचं सांगितलं तेही मीच. तुमचं काम गेलं, आणि तुम्ही गेलात तरी तो आळ मी तुमच्यावरून उतरवला नाही. आता तुम्हाला जाऊन आठ वर्षं होतील. म्हटलं, कुंड्या आणायला जायचंच आहे, तर या खेपेला बाईंना तोंडावर सांगून मोकळं व्हायचं. म्हणून आज गेले होते. तिथं काय झालं ते सांगते, पण आधी पहिल्यापासून सांगू द्या, नाहीतर मी मधलं गाळीन. मला गाळायची सवय आहे.

बाईंनी ती झाडं निलगिरीकडून आणली तेव्हा मी दहा वर्षांची असेन. बारा गड्डे, ओल्या गोणपाटात गुंडाळलेले. नाव अगापँथस, पण ते तुमच्या जिभेवर कधी बसलं नाही, तुम्ही नुसतं ‘निळी’ म्हणायचात. पहिली दोन वर्षं तिला एक फूल आलं नाही. पातीच पाती. बाई म्हणाल्या, हे तर गवत निघालं, काढून टाका. तुम्ही म्हणालात, “ऱ्हाऊ द्या की बाई. आजून बसतीया ती. बूड भरलं की फुलंल.” हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. तुम्ही रोज तिच्यापुढं उकिडवे बसायचात, पाती बाजूला सारून बुडाकडं बघत. शाळेला सुट्टी असली की मी तुमच्याबरोबर यायचे आणि तुमच्या त्या बसण्याचा मला वीट यायचा. तिसऱ्या उन्हाळ्यात, आंबे उतरायच्या सुमाराला, कमरेएवढे दांडे वर आले आणि एकेका दांड्यावर निळ्या फुलांचा हा एवढा झुबका. बाईंनी फुलं बघायला पुण्याहून पाहुणे बोलावले. तुम्ही मागं नळापाशी पाय धूत होतात. तुम्हाला कुणी पुढं बोलावलं नाही आणि तुम्हाला त्याचं काही वाटलंही नाही.

तिथून पुढं निळी तुमची आणि तुम्ही निळीचे. उंच वरंबा करायचा, त्यात मुरूम मिसळायचा, कारण आपल्याकडचा पाऊस मुळाशी साचून राहिला की ती बुडातून जाते. फुलं सरली की दांडा खालून कापायचा, बी धरू द्यायचं नाही. दिवाळीनंतर चुलीतली राख आणि जुनं शेणखत. पावसाळ्यात सकाळी सकाळी पातींतल्या गोगलगायी हातानं वेचायच्या. आणि सगळ्यात मोठं म्हणजे तिला मोडायची, गड्डा फोडून वेगळं करायची घाई करायची नाही. मुळांची दाटी झाली, कुंडी तडकली, तरी दम धरायचा, कारण ती दाटीतच फुलते. आज मी रोपवाटिका चालवते ना, तर गिऱ्हाइकांना हे सगळं घडाघडा सांगते. वर ‘माझा अनुभव आहे’ असंही म्हणते. बघा, किती धीट झालेय.

शेतकीची पदविका घेऊन मी घरी आले, तेव्हा तुम्हीच बाईंकडं शब्द टाकलात. “पोरगी शिकून आलीया, बाई. बाहीर कुटं धाडू? हितंच घ्या.” बाईंनी मला सुपरवायझर केलं. म्हणजे तुम्ही आणि वरच्या वाडीतल्या चार बायका, पाच माणसं माझ्या हाताखाली. मी बावीस वर्षांची, पायात बूट, हातात वही, आणि डोक्यात हवा गेलेली. दीड शहाणी म्हणतात ना, तशी. तुम्ही मात्र गावात ज्याला त्याला सांगत सुटला होतात, की आता आमची पोरगीच आम्हाला कामं सांगती. तुम्हाला त्यात लाज नव्हती. लाज मला होती. तुम्ही बंडी घालून, गुडघ्यापर्यंत चिखलात भरलेले, पुण्याच्या पाहुण्यांसमोरून जायला लागलात की मी दुसरीकडं बघायचे.

तशात बाईंच्या मुलीचं लग्न ठरलं. पुढच्या उन्हाळ्यात, बंगल्यावरच. बाई म्हणाल्या, फाटकापासून थेट पाण्यापर्यंत पायवाटेच्या दोन्ही बाजूंनी निळीच निळी पाहिजे, होईल ना? तुम्ही तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, होईल की. मी हिशेब केला होता. जुन्या गड्ड्यांना पंधरा-पंधरा, वीस-वीस फुटवे होते, सगळे सुटे केले की वाट भरून उरणार. हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं, आबा. हे माझ्या अंगातलं होतं. आपल्या मुळशीत पोर चालायला लागलं की आषाढात चिखलात उतरतं. रोप दाटलं की उपटायचं, जुडी सोडायची, दोन-दोन काड्या वीतभर अंतरानं चिखलात खोचायच्या. आवणी. दाटलेलं रोप म्हणजे मोकळं करायचं, यापलीकडं मला काही दिसलंच नाही. पुस्तकात अगापँथसवर एक पान होतं, त्यातला फक्त ‘विभागणी करता येते’ एवढा तुकडा मी वाचला होता. पुढचं वाचायचे कष्ट कोण घेतो.

आषाढच चालू होता. सगळ्या खाचरांतून माणसं वाकलेली, आणि इकडं मी बायकांना बसवून निळीचे गड्डे फोडून घेतेय. पांढरी जाडजूड मुळं करकर तुटतायत. पायवाटेच्या कडेची जमीन सखल, सपाट. मी दोरी धरलीय. वीत-वीत अंतर. एकेक फुटवा ओल्या मातीत दाबला जातोय. तुम्ही हातातली पहार खाली ठेवलीत आणि जवळ आलात. आवाज न चढवता म्हणालात, “पोरी, ह्ये भात न्हाई. सुटं सुटं केलं तर जगायचं न्हाई, आन् जगलं तर फुलायचं न्हाई. मोडायचंच आसंल तर दिवाळीनंतर मोड. चार-चार डोस्क्यांचा गठ्ठा ठेव, वरंब्यावर लाव. हितं पाणी साचतं.” सगळं बरोबर होतं. त्यातला एकही शब्द मला आजही खोडता येत नाही. आणि मी काय म्हणाले? चारही बायका ऐकत असताना म्हणाले, “आबा, तुम्हाला इथं खुरपं चालवायला ठेवलंय, डोकं चालवायला नाही.” एका बाईचा हात तसाच थांबला. तुम्ही पहार उचललीत. “बरं मॅडम,” म्हणालात. चेष्टेनं नाही, टोमणा म्हणून नाही, साधं. त्या दिवसापासून बंगल्यावर मी तुमची मॅडम झाले. घरी मात्र पोरीच राहिले, आणि ते जास्त लागायचं.

मग पाऊस लागला. अकरा दिवस त्यानं उघडीप दिली नाही. धरणापलीकडचा डोंगर दिसेनासा झाला, लवाशाकडं जाणाऱ्या गाड्याही थंडावल्या. बाराव्या दिवशी मी एक पात धरून ओढली, तर ती अख्खी हातात आली, बुडाला लगदा, सडलेल्या कांद्याचा वास. दुसरी ओढली, तिसरी ओढली. तुम्ही त्याच्या आधीपासून, मला न विचारता, डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेऊन भर पावसात चर खणत होतात, पाणी काढून देत होतात. ज्यांच्यात थोडा जीव होता ते फुटवे काढून कुंड्यांत मुरमात बसवत होतात, दाटीनं. मी ओसरीतून बघत होते. खाली उतरले नाही. उतरले असते तर चूक कबूल केल्यासारखं झालं असतं.

गौरी-गणपती उरकून बाई आल्या. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना काळा चिखल आणि मधेच कुठंतरी एखादी पिवळी पात. बाई फाटकापासून पाण्यापर्यंत चालत गेल्या आणि परत आल्या. मग मला विचारलं, “हे कोणी केलं?” तुम्ही बाजूलाच होतात, बायकाही होत्या. आता इथं मी कारणं सांगू शकते. हिंजवडीजवळच्या माणच्या लोकांकडून मला मागणी आली होती, ‘मुलगी बंगल्यावर सुपरवायझर आहे’ हे सगळ्यांना सांगून झालं होतं, काम गेलं असतं तर सोयरिक मोडली असती. असेल. पण त्या क्षणी यातलं काहीही माझ्या मनात आलं नाही. मनात एवढंच आलं की मला कुणी ओरडू नये. आणि मी म्हणाले, “बाई, मी दोन दिवस पुण्याला गेले होते. आबांनी लावलं. त्यांना भाताची सवय ना, आवणीसारखं लावून टाकलं.”

किती सफाईनं बोलले बघा. अडखळलेसुद्धा नाही. माझीच चूक उचलली आणि तुमच्या अडाणीपणावर नेऊन ठेवली, आणि ती तिथं चपखल बसली. बाईंना लगेच पटलं. खेड्यातला म्हातारा माणूस, तो हेच करणार. बायका माझ्याकडं बघायला लागल्या. मला वाटलं, आता तुम्ही बोलणार. तुम्ही टोपी काढलीत. माझ्याकडं बघितलंच नाहीत. “चुकलं बाई,” म्हणालात. “मला वाटलं, भातागत लावावं.” मी जेवढं खोटं बोलले होते त्यात तुम्ही आणखी भर घातलीत, ते पक्कं व्हावं म्हणून. बायकांतली सगळ्यात थोरली जी होती, तिनं पाटी खाली टाकली आणि नळाकडं निघून गेली. तिनं मला पुन्हा कधी मॅडम म्हटलं नाही. काहीच म्हटलं नाही. बाई तुम्हाला म्हणाल्या, “वय झालं आता तुमचं. आराम करा.” रागावल्यासुद्धा नाहीत. एकोणीस वर्षं अशी एका वाक्यात आटोपली.

त्या संध्याकाळी आई चुलीपुढं भाकरी थापतेय. मी दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी आहे, आणि ठरवलंय की आता आईला सांगायचं. तुम्ही माझ्या आधी बोललात. “काम सुटलं. झाडं कुजली माझ्या हातनं.” आई थापता थापता थांबली. “येवढी वर्सं राबून शेवटाला नाव घालवलं व्हय?” तुम्ही म्हणालात, “व्हय. घालवलं.” आणि माझ्याकडं हात पुढं केलात, “पाणी दे की पोरी.” मी दिलं. मग आपण तिघं जेवायला बसलो. मी दोन भाकरी खाल्ल्या, आबा. मला भूक लागली होती. सतरा वर्षं झाली, पण तो चिखल आठवला नाही तरी त्या दोन भाकरी आठवतात.

पुढं तुम्ही उरवड्याच्या एका कारखान्यात झाडलोटीला लागलात. सकाळची एसटी धरून जायचात, संध्याकाळी यायचात, अंगाला तेलाचा वास. तिथं बाग नव्हती, फाटकाशी दोन अशोकाची झाडं होती, त्यांना तुम्ही डबा धुतलेलं पाणी घालायचात असं तुमच्याबरोबरचा एकजण मला नंतर सांगत होता. माझं लग्न झालं. निघताना तुम्ही तेलाच्या रिकाम्या डब्यात लावलेली निळी माझ्या हातात दिलीत, त्या कुजलेल्यांतूनच वाचवलेली, चार डोक्यांचा गठ्ठा. “दाटंल तवा फुलंल,” म्हणालात, बाकी काही नाही. आज माझ्या रोपवाटिकेत निळीची जेवढी रोपं आहेत ती त्या एका डब्याची आहेत. मधल्या काळात मला सांगायची संधी मिळाली नाही असं मी म्हणणार नाही. शेवटच्या आजारपणात मी तुमच्या उशाशी बसून एकदा सुरुवात केली होती, “आबा, ते बंगल्यावरचं...” तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, “जाऊ दे. पाऊस कसा हाय तिकडं?” आणि मी पावसाचं सांगत बसले. तुम्ही मला वाट काढून दिलीत आणि मी लगेच निघाले त्या वाटेनं.

तर आज. बाई आता पार थकल्या आहेत. खोक्यांच्या ढिगात खुर्ची टाकून बसल्या होत्या, हातात काठी. मागच्या अंगणात तुमच्या सहा कुंड्या, दोन तडकलेल्या, पाती माजलेल्या. मी टेम्पोवाल्याला त्या भरायला लावल्या आणि बाईंपुढं येऊन उभी राहिले. घरून निघाल्यापासून वाक्य घोकत होते. “बाई, एक सांगायचं होतं. आबांचं काम गेलं ना तेव्हा...” बाई म्हणाल्या, “गेलं? अगं, काम कुठं गेलं? ते स्वतःच सोडून गेले ना. गुडघे दुखतात म्हणत होते. फार चांगला माणूस होता.” मी म्हणाले, “नाही बाई, ते मुलीच्या लग्नाच्या वेळी, पायवाटेला निळी लावली होती...” बाईंनी आठवून बघितलं. खरंच बघितलं. “लग्नात झेंडू होता बहुतेक,” म्हणाल्या.

आबा, मला राग आला. तुमचं सगळं आयुष्य त्या एका दुपारी फिरलं आणि या बाईंना त्यातलं काही आठवतही नाही. पण हा राग फार वेळ टिकला नाही, कारण त्याच्या मागोमाग जे आलं ते मला तुमच्यापासून लपवायचं नाही. मला हायसं वाटलं. तिथं दोघीच होतो, काम जायची भीती नाही, सोयरिक मोडायची भीती नाही, ओरडणारं कुणी नाही. सगळं पहिल्यापासून सांगता आलं असतं. मी म्हणाले, “हो, गुडघेच.” आणि त्यांच्या पाया पडले. त्यांनी जुनी कात्री दिली, झाडं कापायची, तीही घेतली.

टेम्पोत बसल्यावर मनाशी म्हटलं, बाईंना सांगून तरी काय होणार होतं, सांगायचं ते आईला. तुमच्यामागं आई माझ्याकडंच असते, माणला. आमच्या शेतावर आता तीन मजले उभे आहेत, खोल्या आयटीतल्या पोरापोरींना भाड्यानं दिल्यात, आणि आई दिवसभर खाली पार्किंगमध्ये खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलते. झाडं तुम्ही कुजवलीत असं मानणारं आता ह्या जगात तीच एक उरलीय. म्हटलं, उतरल्या उतरल्या सांगायचं, पाणीसुद्धा प्यायचं नाही. भूगाव, मग हिंजवडीकडची गर्दी, सगळ्या रस्त्याभर हेच म्हणत आले.

आई खालीच होती. वरच्या मजल्यावरची लातूरची पोरगी कामावरून येऊन तिच्याशी बोलत उभी होती. कुंड्या उतरायला लागल्या तशी ती म्हणाली, “काकू, किती मस्त प्लांट्स आहेत. कुठून आणले?” मी तोंड उघडणार, तेवढ्यात आई म्हणाली, “आगं, ही निळी. आमच्या हिच्या बापानं एकदा एका बाईंची निळीची सगळी बाग कुजवली हुती. भातागत लावली, दोरी धरून. लई हुशार माणूस, पर तेवढं येक न्हाई जमलं बग त्येला.” आणि आई हसायला लागली. कुचेष्टेनं नाही हो, तुमची आठवण काढून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, पदरानं पुसत. ती पोरगीही हसली. आई माझ्याकडं वळून म्हणाली, “व्हय की न्हाई गं?”

मी हसले. तोंडदेखलं नाही, मनापासून हसू आलं. कारण त्या क्षणाला मला खरोखरच तुम्ही दिसलात, बंडी घातलेले, दोरी धरून चिखलात वाकलेले, एकेक फुटवा खोचत पुढं सरकणारे. मी कुठंच नव्हते. “व्हय,” मी म्हणाले.

आईला वाचता येत नाही. तरी तुम्हाला लिहिलेले हे कागद मी रोपवाटिकेतल्या कपाटात ठेवणार आहे, आणि कुलूप लावणार आहे.